शेकोटीपाशी विचारलेला प्रश्न

डिसेंबर उजाडला की तेलंगणातल्या वर्तमानपत्रांत आदिलाबादचं नाव रोज येतं, ते थंडीसाठी. राज्यातलं नीचांकी तापमान बहुधा आमच्याच वाट्याला. पारा दहाच्या खाली गेला की पहाटे चहाच्या टपरीसमोर, बसथांब्यावर, मार्केट यार्डाच्या फाटकाशी, जिथं चार माणसं जमतील तिथं शेकोटी पेटते. तिथं कुणी कुणाची ओळख विचारत नाही. तेलुगूवाला, मराठीवाला, गोंडी बोलणारा, दखनी बोलणारा, सगळ्यांचे हात एकाच जाळावर.

योहानाच्या शुभवर्तमानात अशीच एक शेकोटी आहे. रात्र गारठ्याची होती आणि वाड्याच्या अंगणात चाकरांनी कोळशांचा विस्तव केला होता, हे योहान आवर्जून नोंदवतो. पेत्र त्या घोळक्यात उभा राहून शेकत होता. थोड्याच वेळापूर्वी याच माणसानं बागेत तलवार उपसली होती. समोर मशाली, हत्यारं, पकडायला आलेली तुकडी, आणि हा एकटा गडी महायाजकाच्या नोकरावर धावून गेला. येशू नको म्हणाला, ती गोष्ट वेगळी. पण पेत्र भ्याला नव्हता. आणि इथं अंगणात, लूक सांगतो, जाळाच्या उजेडात एका दासीनं त्याला निरखून पाहिलं आणि म्हणाली की हाही येशूबरोबर होता. तेवढ्यानं पेत्र गारद झाला. ना शिपायानं धरलं, ना कुणी चाबूक उगारला. घरकाम करणारी एक पोर काहीतरी बोलली, इतकंच.

तुझ्यासाठी मरेन, असं पेत्र त्याच संध्याकाळी म्हणाला होता आणि ते त्याच्या मनापासून होतं. मरायची त्याची तयारी होती. थंडीत ऊब घेत असताना मोलकरणीला उत्तर द्यायची तयारी नव्हती.

आपल्या मंडळ्यांतही मोहाबद्दल जे बोललं जातं ते बहुतेक तलवारीच्या प्रसंगाचं. दारू, जुगार, व्यभिचार, मूर्तिपूजा. ही पापं आमच्याकडं होत नाहीत असं कोण म्हणेल? पण त्यांना निदान ओळखता येतं. दारू प्यालेला माणूस आपण तीर्थ घेतलं असं समजत नाही. ज्याचं नाव लवकर सापडत नाही असा मोह वेगळाच असतो. तो येताना एक खरीखुरी तक्रार हातात घेऊन येतो. तुझ्यावर अन्याय झालाय, म्हणतो, आणि ते खरं असतं.

कापसाचंच बघा. आदिलाबाद म्हणजे कापूस. दिवाळीच्या आगेमागे खरेदी सुरू होते आणि यार्डाबाहेर ट्रॅक्टर, पिकअप, अजून टिकून असलेल्या बैलगाड्या यांची रांग लागते. सीसीआयचा, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाचा, माणूस मीटरचा दांडा गाडीतल्या कापसात खुपसतो. ज्याला तेलुगूत तेमा म्हणतात आणि आपण ओल, त्याचा आकडा येतो. आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, त्यापुढं टक्क्यागणिक कपात, बाराच्या वर गेलं तर माल नापास. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलला ८११० रुपये हमीभाव होता. मीटरनं बारा दाखवले की सव्वातीनशेच्या आसपास गेलेच. आता ही ओल येते कुठून? थंडीत दवानं. पऱ्हाटीवरच्या बोंडावर पहाटेचं दव असतं. वेचणीला आलेल्या बायांना मजुरी किलोवर, म्हणून त्यांनाही ऊन चढायच्या आधी वेचलेलं परवडतं. त्यात रांगेत रात्र काढली की उघड्या ट्रॉलीवर पुन्हा दव पडतं. म्हणजे शेतात कोरडा असलेला कापूस यार्डाच्या दारात उभा राहून ओला होतो आणि कपात शेतकऱ्याच्या माथी.

नापास झाला की माल परत न्या, नाहीतर बाहेरच्या व्यापाऱ्याला पडेल त्या भावात घाला. व्यापारी बऱ्याचदा मीटर लावतच नाही. मूठभर कापूस दाबून बघतो, तोंड वाकडं करतो आणि भाव सांगतो. काटाही त्याचाच. काटा मारणं ही गोष्ट इथल्या लहान पोरालाही माहीत असते.

अशा माणसाच्या कानाशी मोह येतो तेव्हा तो म्हणत नाही की चोरी कर. म्हणतो, ते क्विंटलमागं दोन किलो खातात, तू एक बादली शिंपडलीस तर हिशेब बरोबर होतो. रात्री गंजीच्या मधल्या थरावर पाणी शिंपडायचं, वरचा थर कोरडा ठेवायचा. सगळेच करतात. शिवाय आपण काही कुणा गरिबाचं घेत नाही, व्यापाऱ्याचं घेतो. हे सगळं बोलणं तर्काला धरून आहे. यातली पहिली अर्धी वाक्यं तर निखळ सत्य आहेत. पण व्यापाऱ्याला तो ओला थर कळलेलाच असतो, म्हणून तो उद्याच्या गाडीचा भाव आजच पाडून ठेवतो. उद्याची गाडी कुणाची? ज्यानं पाणी मारलं नाही त्याची. म्हणजे शेवटी बादली शेजाऱ्याच्याच अंगावर रिकामी होते.

आमोस संदेष्टा हा गुरं राखणारा, उंबराच्या झाडांची निगा करणारा माणूस. त्याला बाजार चांगला ठाऊक होता. तो ज्या व्यापाऱ्यांवर तुटून पडतो ते माप लहान करतात, वजन मोठं करतात, गव्हात गाळ मिसळून विकतात. पण माझं लक्ष दरवेळी दुसऱ्याच गोष्टीकडं जातं. हे लोक शब्बाथ मोडत नव्हते. दुकान बंद ठेवून धार्मिक सण पाळत होते. फक्त बसल्या जागी मनात चाललेलं असायचं की हा दिवस कधी संपतो आणि आपण कोठार कधी उघडतो. उपासनेत बसलेलं धड आणि यार्डात फिरणारं मन, ही आदिलाबादच्या नोव्हेंबरमधल्या कुठल्याही रविवारची गोष्ट आहे.

धुऱ्याचंही तसंच. दोन शेतांमधला धुरा नांगरताना दरवर्षी एक तास कोरायचा. पासबुकात एकर-गुंठे तेवढेच राहतात, शेतात मात्र धुरा सरकतो. विचारलं तर उत्तर तयार असतं: त्याच्या बापानं आमच्या बापाचा कोरला होता. तेही बहुधा खरं असतं. मोशेच्या नियमशास्त्रात शेजाऱ्याची हद्द सरकवणाऱ्यावर शाप आहे, आणि तो अशा शापांच्या यादीत आहे ज्यातली पुष्कळ कामं लपूनछपून होणारी आहेत, साक्षीदार नसलेली.

येशूला अरण्यात पहिला मोह भाकरीचा झाला. चाळीस दिवसांच्या उपासानंतर भूक लागणं यात पाप कसलं? भाकर ही वाईट वस्तू नाही. पुढं त्यानंच हजारोंना जेवू घातलं. मोह पाडणारा भुकेबद्दल एक शब्द खोटा बोलला नाही. तू पुत्र आहेस ना, मग तुझ्या हक्काचं तू करून घे, एवढंच त्याचं म्हणणं. हक्काची आठवण करून देणारा आवाज कुणाचा आहे हे ओळखायला फार वेळ लागतो, कारण कधी कधी तो खरोखरच न्यायाचा असतो.

आणि इथं मी त्या विषयाशी येतो, जो आमच्या भागातल्या ख्रिस्ती घरांत दार लावून बोलला जातो.

आदिलाबादचा मराठी ख्रिस्ती माणूस तसा दोन काठांवरचा. पैनगंगा ओलांडली की यवतमाळ. कॅथलिकांचा आदिलाबाद धर्मप्रांत १९९९ साली झाला, तो चांद्याच्या, म्हणजे चंद्रपूरच्या धर्मप्रांतातून वेगळा काढून. सीएसआयच्या, म्हणजे चर्च ऑफ साउथ इंडियाच्या, मंडळ्या मेदकच्या बिशपांकडं. रविवारची उपासना तेलुगूत, पाळकांना अय्यगारू म्हणायचं, भेटलं की वंदनालू. घरी आल्यावर मात्र जेवणाआधीची प्रार्थना आईच्या मराठीत. दोन भाषा, दोन राज्यांतले सोयरे. आणि पुष्कळ घरांत, तेलुगू असोत की मराठी, दोन नावं. रविवारी सामुएल, सोमवारी पोशन्ना.

दोन नावांमागं दिल्लीतला एक कागद आहे. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदानं हा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध. महाराष्ट्रातल्या नवबौद्ध वाचकांना त्या १९९० चं मोल सांगायला नको. ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर आहेत. तेलंगणात अनुसूचित जातींना १५ टक्के आरक्षण. त्यांतून ख्रिस्ती झालेल्यांसाठी बीसी-सी नावाचा गट, त्याला १ टक्का. बाप्तिस्म्यानं वस्ती बदलली नाही, विहीर बदलली नाही, गावात कुणी हाक मारायची पद्धत बदलली नाही. बदलला तो फक्त दाखला. रंगनाथ मिश्र आयोगानं हा परिच्छेद काढून टाकावा अशी शिफारस २००७ मध्येच केली होती; २०२२ मध्ये न्यायमूर्ती बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक आयोग नेमला गेला. दरम्यान २०२४ च्या नोव्हेंबरात पुद्दुचेरीच्या एका ख्रिस्ती बाईंच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की धर्म ख्रिस्ती पाळायचा आणि आरक्षणासाठी हिंदू म्हणवायचं, हे चालणार नाही.

तर मुलीला इंजिनिअरिंगला घालायचंय, किंवा पोराला कॉन्स्टेबलच्या भरतीला बसवायचंय. जातीच्या दाखल्यासाठी बाप मीसेवा केंद्रात जातो. गर्दी असते, सर्व्हर मंद असतो. काउंटरमागं कीबोर्डवर बोटं चालवणारी एक पोरगी मान वर न करता तेलुगूत विचारते, ‘मतं?’ म्हणजे धर्म कोणता. तिला काही पडलेलं नसतं. पडद्यावरचा तो रकाना भरल्याशिवाय पुढचा उघडत नाही, म्हणून विचारते. पेत्राला जिनं विचारलं तिलाही कदाचित फार काही पडलेलं नसेल.

बाप काय उत्तर देतो यावर निवाडा करायला मी बसलो नाही. ज्याचं पोट भरलेलं आहे, ज्याच्या मुलांच्या जागा पक्क्या आहेत, त्यानं या बापाला अप्रामाणिक म्हणावं यासारखा दुसरा ढोंगीपणा नाही. तो परिच्छेद अन्यायाचा आहे हे माझं मत आहे, आणि तो बदलावा म्हणून अर्ज, मोर्चे, खटले करणं हे मंडळीचं काम आहे असंही वाटतं. मात्र त्या उत्तरानंतर घरात जे सुरू होतं ते पाहिलं पाहिजे. रात्री आई लहान्याला प्रभूची प्रार्थना शिकवते आणि तिथंच, त्याच मायेनं, शिकवते की शाळेत विचारलं तर सांगू नकोस हं आपण चर्चला जातो. पोर दोन्ही पाठ करतं. मोठेपणी त्याला विचारायची गरज पडत नाही. समोरच्याच्या तोंडावर प्रश्न उमटायच्या आधीच ते गप्प होतं. पेत्राचा पहिला नकार अडखळत आला असेल. मत्तय सांगतो की तिसऱ्या वेळेपर्यंत तो शापाची आणि शपथेची भाषा बोलू लागला होता. मधे काही वर्षं गेली नव्हती, कोंबडा आरवायच्या आतली गोष्ट आहे ही.

उघड भांडणाऱ्या माणसाची जागा जाते, पैसा जातो, पण त्याला घरात कुजबुजावं लागत नाही. गप्प राहणाऱ्याची जागा राहते. यातलं काय स्वस्त पडलं ते त्याच्या पोराच्या पिढीत कळतं, आणि तेव्हा बाप बहुधा नसतो.

याच गोष्टीची दुसरी बाजू आमच्याच अंगणात आहे, तिच्याबद्दल मात्र दिल्लीकडं बोट दाखवता येत नाही. सरकार आम्हाला जुन्या जातीत मोजत नाही म्हणून आमची तक्रार; आणि लग्न जमवायची वेळ आली की आम्हीच मोजायला बसतो. माला की मादिगा? महार की मांग? प्रभुभोजनाला एका प्याल्याला ओठ लावलेली दोन घरं सोयरीक म्हटली की एकमेकांकडं बघत नाहीत. तिथंही कुणी जातीचं नाव घेत नाही. म्हणतात, राहणीमान जुळत नाही. म्हणतात, मुलगी लांब पडेल. आणि आदिलाबादहून शेजारच्या मंडलातलं गाव लांब पडतं. कधी कधी तर म्हणतात, प्रार्थना करून बघितली, प्रभूचं उत्तर आलं नाही. लक्ष्मीबाई टिळकांनी १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला, नवऱ्यानंतर पाच वर्षांनी. त्या आधी आणि नंतर मनातल्या सोवळ्याओवळ्याशी झालेली झटापट त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त आडपडदा न ठेवता लिहिली आहे. आमच्याकडं ती झटापट होतच नाही, कारण सोवळं आहे हेच कुणी कबूल करत नाही.

प्रार्थनेच्या नावावर चालणारं आणखी एक काम म्हणजे बातमी पोचवणं. ‘प्रार्थनेसाठी सांगते हं, बाकी कुणाला बोलू नका.’ या वाक्यानंतर जे येतं ते ऐकायला भक्त आणि अभक्त सारखेच कान देतात. पूर्वी उपवास-प्रार्थनेला निदान दहा घरं चालत जायला लागायची. आता मंडळीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे; कुणाची सून माहेरी गेली ते दुपारच्या वचनाखाली तीन हात जोडलेल्या चित्रांसह येतं. फार लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळलं.

भक्तीच्या आडून येणारा मोह काही नवा नाही. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात एवाग्रियस नावाचा एक ख्रिस्ती तपस्वी होऊन गेला. माणसाला सतावणाऱ्या विचारांचे त्यानं आठ प्रकार पाडले: खादाडपणा, वासना, लोभ, खिन्नता, राग, कंटाळा, लौकिकाची हाव आणि गर्व. त्याचं एक निरीक्षण फार बारीक आहे. बाकीचे विचार हरले, मैदान सोडून पळाले, की लौकिकाची हाव पुढं येते. तिला हाकलायला जे काही करावं त्यालाच ती धरून बसते. वाळवंटात एकट्या राहणाऱ्या, दिवसाला मोजकी भाकर खाणाऱ्या माणसाला हे कळावं हे विशेष. तिथं बघायला कोण होतं?

आमच्याकडं बघायला सगळी मंडळी असते. उपदेशाच्या आधी साक्षीची वेळ येते. समजा एखाद्या भावानं यंदा मन घट्ट केलं. दव उतरल्यावरच कापूस वेचला, बायांना त्याबद्दल मजुरी वाढवून दिली, ताडपत्रीवर दोन उन्हं दाखवली, मधल्या थराला पाण्याचा थेंब लागू दिला नाही. मीटरनं साडेसात दाखवले. चुकारा पुरा झाला. हे देवानं दिलेलं धैर्यच आहे, सांगण्याजोगं आहे, आणि सांगावं म्हणून तो सतरंजीवरून उठतो. प्रभूची स्तुती असो म्हणतो, सगळे आमेन म्हणतात. मीटरचा आकडा सांगतो, पुन्हा आमेन. खरं तर आता बसायला हरकत नाही. पण तो घसा खाकरतो आणि म्हणतो, ‘रांगेत माझ्या मागं आपल्याच मंडळीतला एक भाऊ होता, नाव मी घेणार नाही, त्याची गाडी मात्र...’ आणि दारापाशी बसलेल्या एका माणसाकडं माना एकेक करून वळायला लागतात.